गणपतीत माजावर, दिवाळीत मरणाच्या दारात: कुत्र्या-मांजरांच्या नसबंदीबद्दल बोलूया

अबोली | ९ नोव्हेंबर, रात्री १०.४०

आमची सायली सात वर्षांची लॅब्राडोर कुत्री. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी तिने जेवण सोडलं. आम्हाला वाटलं, फटाक्यांनी घाबरलीय. दर दिवाळीत ती कपाटामागे जाऊन बसते, दोन दिवस नीट खात नाही, मग आपोआप ठीक होते. त्यामुळे कुणी फार मनावर घेतलं नाही. पाणी मात्र खूप पीत होती. एरवी तिचा पाण्याचा गंज दिवसातून एकदा भरावा लागतो, त्या दिवशी मी तो चौथ्यांदा भरला. रात्री तिने बसल्या जागी शू केली. घरात कधीही न करणारी पोर ती. ओल्या चादरीवरून उठायचंही त्राण नव्हतं तिच्यात. नुसती माझ्याकडे बघत राहिली.

पाडव्याच्या पहाटे पोट टम्म फुगलेलं आणि हिरड्या पांढऱ्या पडलेल्या. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांचा दवाखाना बंद, दुसरीकडे फोन लागेना, तिसऱ्या ठिकाणी एक तरुण डॉक्टर भेटल्या. त्यांनी पोटावर हात ठेवला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "ही शेवटची माजावर कधी होती?" मी म्हटलं, गणपतीत. त्यांनी लगेच सोनोग्राफीचं मशीन ओढलं. पडद्यावर जाड काळ्या नळ्या दिसत होत्या, वेटोळी घातलेल्या. गर्भाशयात पू भरला होता. पायोमेट्रा. तोंड बंद असल्यामुळे बाहेर एक थेंबसुद्धा आला नव्हता. रक्तातल्या पांढऱ्या पेशी ५२ हजार. सतरा हजारांपर्यंत ठीक मानतात.

दोन तास सलाईन, मग ऑपरेशन. नंतर त्यांनी मला ट्रे दाखवला. दोन दुधी शेजारी शेजारी ठेवावेत तसं ते गर्भाशय दिसत होतं. वजन २ किलो ३०० ग्रॅम. माझी पोर हे पोटात घेऊन कपाटामागे बसली होती आणि मी तिला "घाबरू नको गं, फटाके आहेत" म्हणत होते.

सायली वाचली. तिसऱ्या दिवशी घरी आली, आता खाते-पिते. ऑपरेशनच्या वेळी मागच्या आचळाशी वाटाण्याएवढी एक गाठ हाताला लागली, तीही काढून तपासायला दिलीय. रिपोर्टची वाट बघतेय.

हे सगळं टाळता आलं असतं. ती वर्षाची असताना डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "एकदा तरी आई होऊ दे तिला." ते मलाही पटलं. मग लॉकडाऊन आला. मग वाटायला लागलं, आता वय झालं, कशाला उगाच चिरफाड? सहा वर्षं गेली अशी. म्हणून हा धागा काढलाय. ज्यांनी नसबंदी केलीय त्यांनी अनुभव लिहा, ज्यांच्या मनात शंका आहेत त्यांनी मोकळेपणाने विचारा.

---

केदार_७७ | ९ नोव्हेंबर, रात्री ११.०५

बापरे. सायली बरी आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. आमची पाच वर्षांची आहे, ऑपरेशन झालेलं नाही. उद्याच फोन करतो.

---

गुरांचे डॉक्टर | १० नोव्हेंबर, सकाळी ६.५०

अबोलीताई, सायलीला माझा आशीर्वाद. मी निवृत्त पशुधन विकास अधिकारी. आयुष्य गाई-म्हशींत गेलं, पण तालुक्याच्या दवाखान्यात कुत्रीही पुष्कळ बघितली. पायोमेट्रा का होतो ते समजलं तर लक्षणं आधी ओळखता येतील, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कुत्री साधारण सहा-सात महिन्यांनी माजावर येते. माज ओसरला की पिल्लं राहिलेली असोत वा नसोत, तिच्या अंगात प्रोजेस्टेरॉन, म्हणजे गाभणपण टिकवणारं हार्मोन, जवळजवळ दोन महिने चढंच राहतं. शरीर गाभणपणाचीच तयारी करत असतं. गर्भाशयाचं अस्तर जाड होतं, तोंड मिटतं आणि तिथली प्रतिकारशक्तीही कमी होते. माजाच्या काळात तोंड उघडं असताना जे जंतू आत गेले, बहुतेक वेळा ई. कोलाय, त्यांना ही आयती उबदार जागा मिळते. दर माजाला हेच चक्र. म्हणून वय वाढेल तसा धोका वाढतो, आणि म्हणूनच माजानंतर महिना ते दोन महिने हा काळ डोळ्यांत तेल घालून बघायचा. गणपती ते दिवाळी, अगदी तेच अंतर आहे बघा.

जंतूंचं विष मूत्रपिंडावर जातं, लघवी घट्ट करायची ताकद जाते, लघवी भरपूर होते आणि तेवढंच पाणी प्यावं लागतं. लोक येतात आणि सांगतात, "डॉक्टर, खात नाही पण पाणी छान पितेय." मोठ्या वयाची, ऑपरेशन न झालेली कुत्री असेल तर हे छान पाणी पिणं म्हणजे धोक्याची घंटा. तोंड उघडं असलेल्या प्रकारात मागून घाण वासाचा स्राव येतो, मालकाला निदान कळतं तरी. बंद प्रकारात काहीच दिसत नाही, आणि तोच जीव घेतो.

स्वीडनमध्ये कुत्र्यांचा विमा काढायची पद्धत जुनी आहे. तिथल्या नोंदींवरून दहा वर्षांच्या आत साधारण चारातल्या एका मादीला हा आजार होतो असं दिसलं. म्हणजे दुर्मिळ नाही.

पिल्लं एकदा झाली म्हणजे पुढचे आजार टळतात, ही समजूत मी खेड्यातही ऐकली आणि शहरातही. तिला आधार नाही. कुत्रीला आई व्हायची हुरहूर वगैरे नसते, ती आपल्या मनातली असते.

---

मनीमाऊ | १० नोव्हेंबर, दुपारी १.२०

मांजरांचंही लिहिते, कारण लोक कुत्र्यांबद्दल निदान विचार करतात, मांजर मात्र "फिरून येते आपली" म्हणून सोडून देतात.

आमच्या चाळीत एक पांढरी-करडी मांजर होती. मी नुसती खायला घालायचे, माझी म्हणून नव्हती. फेब्रुवारीत तिला चार पिल्लं झाली. पिल्लं अजून अंगाला लुचत होती आणि ही पुन्हा गाभण! मला आधी पटेचना. पण मांजर दूध पाजत असतानाही माजावर येऊ शकते, आणि दिवस फक्त दोन महिन्यांचे. त्या वर्षी तिला तीन वेळा पिल्लं झाली, एकूण बारा. जगली तीन. एक रिक्षाखाली गेलं. दोन बोक्याने मारली. बाकीची जिन्याखाली पोत्यावर एकेक करून गार पडत गेली. डोळे चिकटलेले, नाक वाहतंय. मी ड्रॉपरने दूध पाजत बसायचे, तरी सकाळी उठून बघावं तर एक कमी.

तिसऱ्या वेळी तिची पाठ हाताला करवतीसारखी लागत होती. पिल्लं सुटल्यावर तिला टोपलीत घालून नेलं. कुशीवर जेमतेम इंचभर चीर आणि दोन टाके. आठवड्याने ती माझ्या खिडकीत ऊन खात बसली होती. आज नऊ वर्षांची आहे, गुबगुबीत, माझीच आहे.

ज्यांच्याकडे माऊचं पिल्लू आहे त्यांनी एक लक्षात ठेवा: चार-पाच महिन्यांचं पिल्लूसुद्धा माजावर येऊ शकतं. "अजून लहान आहे" म्हणेपर्यंत ती आई झालेली असते.

आणि बोके. माझ्या भावाचा बोका रात्र रात्र बाहेर, आठवड्याआड गालाला पू झालेली जखम, घरात पडद्यांवर तो विशिष्ट वास. चावण्यातून मांजरांचा एचआयव्हीसारखा विषाणू पसरतो हे आम्हाला फार उशिरा कळलं. (तो माणसांना होत नाही, घाबरू नका.) ऑपरेशननंतर दीडेक महिन्यात त्याचं भटकणं आणि मारामाऱ्या जवळजवळ थांबल्या.

---

निवांत | १० नोव्हेंबर, रात्री ९.१५

सर्वांचा आदर ठेवून वेगळं मत मांडतो. मादीचं समजू शकतो, आजार होतो. पण नराचं काय? माझा सुलतान चौदा महिन्यांचा जर्मन शेफर्ड आहे. तगडा, तजेलदार, एक दिवस आजारी नाही. निसर्गाने त्याला जे दिलंय ते केवळ आपल्या सोयीसाठी काढून टाकायचं, हे मला माणुसकीचं वाटत नाही. तो मंद होईल, फुगेल, राखण सोडेल असंही ऐकलंय. शिवाय त्याची वंशावळ चांगली आहे, एका मित्राच्या मादीशी क्रॉसिंग ठरलंय, बदल्यात एक पिल्लू मिळणार. एका सुदृढ जनावराला भूल देऊन फाडायचं कारण मला तरी दिसत नाही.

---

ओतूरकर | १० नोव्हेंबर, रात्री १०.३०

निवांतराव, आमच्याकडं बैल खच्ची केल्याशिवाय औताला जुंपत नाहीत. आज्याच्या काळात बडवायचे. गोऱ्ह्याला पाडायचा, चार माणसं धरायची. तो हंबरडा मी लहानपणी ऐकलाय, अजून कानात आहे. आता डॉक्टर येतो, इंजेक्शन देतो, चिमटा लावतो, पाच मिनिटांत काम. खच्ची केलेला बैल मंद होतो म्हणाल तर आमची बैलजोडी दिवसभर औत ओढते. कुत्र्याचं तर पूर्ण भूल देऊन करतात. राखणीचं म्हणाल तर आमचा वस्तीवरचा काळू तीन वर्षांपूर्वी केला. रात्री मळ्यात पान हललं तरी उठतो.

मला दुसरंच सांगायचंय. जुन्नर तालुक्यात आम्ही बिबट्याबरोबर राहतो. भादव्यात कुत्र्यांचे कळप फिरतात, कार्तिक-मार्गशीर्षात उसाच्या कडेला, पाचटात पिल्लं पडतात. तेव्हाच ऊसतोड सुरू होते. पिल्लांच्या वासानं, कुईकुईनं बिबट्या वस्तीला चिकटतो. शेजारच्या अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास झाला, त्यात त्याचं सगळ्यात मोठं भक्ष्य कुत्राच निघालं. शेळी नाही, वासरू नाही, कुत्रा. मोकाट कुत्री वाढली की बिबट्याला दाराशी ताट वाढून ठेवल्यासारखं आहे. आणि त्याच दारात आमची पोरं खेळतात. नसबंदी हा शहरातल्या हौशी लोकांचा विषय आहे असं कुणी समजू नये. आम्हाला गावात शिबिर हवंय, आणि ते भादव्याच्या आधी हवंय. नंतर येऊन काय उपयोग?

---

गुरांचे डॉक्टर | ११ नोव्हेंबर, सकाळी ७.१०

ओतूरकर, भाद्रपदाचं अगदी बरोबर. रस्त्यावरच्या माद्या पावसाळा सरता सरता मोठ्या संख्येने माजावर येतात. शिबिर उन्हाळ्यात घेतलं तर त्या हंगामाची पिल्लावळ टळते.

निवांत, तुमचा प्रश्न रास्त आहे. नराला पायोमेट्रासारखं टांगतं संकट नाही, हे मान्य. पण वय झालेल्या नरात प्रोस्टेट वाढून शी-शू अडणं, गुदद्वाराजवळच्या गाठी, तिथलाच हर्निया, अंडकोषाचे ट्यूमर हे सगळं मी पाहिलंय आणि ऑपरेशन झालेल्या नरात ते एक तर होत नाही किंवा क्वचित होतं. आणखी एक आजार आपल्याकडे फार आहे: टीव्हीटी, संगातून पसरणारी गाठ. रस्त्यावरच्या मादीशी एकदा संबंध आला तरी पुरे. फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी रक्ताळ गाठ लिंगावर येते. दर आठवड्याला किमोथेरपीचं इंजेक्शन द्यावं लागतं. बरी होते, पण कुत्र्याचे हाल होतात.

स्वभावाबद्दल मी फसवी आश्वासनं देणार नाही. मादीच्या वासावर पळून जाणं, जागोजाग मुतणं, अंगावर चढणं, नरा-नरांतल्या मारामाऱ्या या गोष्टी कमी होतात. भीतीपोटी चावणारा कुत्रा मात्र ऑपरेशनने सुधारत नाही, एखादा जास्तच बुजतो. त्याला शिकवणीच लागते. वजनाचं म्हणाल तर भूक वाढते आणि गरज घटते हे खरं. पाचवा हिस्सा खाणं कमी करा, फिरणं तेवढंच ठेवा, फुगणार नाही.

वेळेचं सांगतो. मोठ्या जातींत फार लवकर घाई करू नये. हाडांची वाढ थांबायला तेच हार्मोन लागतात. जर्मन शेफर्ड, लॅब, गोल्डन यांचे नर वर्ष उलटल्यावर, जमल्यास दीड वर्षाला करावेत. सुलतान चौदा महिन्यांचा म्हणजे विचार करायला योग्य वय.

आता माझा एक प्रश्न. सुलतानचे दोन्ही अंडकोष पिशवीत उतरलेत का? हाताने चाचपून सांगाल?

---

पारिजात | ११ नोव्हेंबर, सकाळी ८.००

न्यू जर्सीहून लिहितेय. इथे शेल्टरमधून पिल्लू घेतलं तर ते बहुतेक वेळा ऑपरेशन होऊनच हातात येतं, दोन-अडीच महिन्यांचं असलं तरी. आमची गोल्डन रिट्रीव्हर तशीच आली, सहा वर्षांपूर्वी. त्याचे तोटे आम्ही भोगलेत, तेही इथे लिहायला हवेत.

तीन वर्षांची असताना तिच्या मागच्या पायाचा लिगामेंट तुटला, मोठं ऑपरेशन झालं. लवकर नसबंदी हेच कारण असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही, पण डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१३ साली गोल्डनवर केलेल्या अभ्यासात वर्षाच्या आत ऑपरेशन झालेल्यांत सांध्यांचे त्रास जास्त दिसले. काही कॅन्सरचं प्रमाणही वाढलेलं दिसलं. शिवाय आमची झोपेत थोडी शू गळते. मोठ्या जातीच्या माद्यांमध्ये हे होऊ शकतं. रोजच्या गोळीने ते पूर्ण आटोक्यात आहे.

तरीही पुढची मादी आणली तर ऑपरेशन करणार का? करणार, फक्त थोडं थांबून. माझ्या मैत्रिणीची कुत्री पायोमेट्राने गेली. अबोली, तुझी पोस्ट वाचताना तिचीच आठवण येत होती.

---

चौथा मजला | ११ नोव्हेंबर, रात्री ८.४५

सोसायटीच्या आवारातल्या कुत्र्यांवरून वर्षभर भांडणं झाली, म्हणून हा भाग लिहितो. आमच्याकडे अकरा कुत्री. एक गट म्हणायचा उचलून लांब सोडून या, दुसरा गट बिस्किटं घालायचा आणि ऑपरेशनचं नाव काढलं की "बिचारी" म्हणायचा. दोघांच्या मध्ये कुत्री वाढत होती.

उचलून दुसरीकडे सोडणं नियमात बसत नाही. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे (त्याआधी २००१ चे होते) नसबंदी आणि रेबीजची लस करून कुत्रं जिथून नेलं तिथेच परत आणायचं असतं. ओळखीसाठी कानाला खाच पाडतात. सर्वोच्च न्यायालयानेही २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात हेच तत्त्व ठेवलं, रेबीज झालेली वा आक्रमक कुत्री वगळून. पुढे नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालयं, बस-रेल्वे स्थानकं अशा आवारांसाठी वेगळा आदेश आला, तिथली कुत्री परत सोडायची नाहीत. पण आपल्या गल्लीला पहिलाच नियम लागू. त्यामागे व्यवहारही आहे. कुत्री उचलली आणि उकिरडा तसाच राहिला तर महिन्याभरात शेजारच्या गल्लीतली येतात. ती लस न टोचलेली, ऑपरेशन न झालेली आणि आपल्या मुलांना न ओळखणारी.

आम्ही महापालिकेकडे अर्ज केला, गाडी आली, नऊ नेली. पाच दिवसांनी आठच परतली. नववं दोन चौक पलीकडे सोडलं होतं, दोन रात्री शोधून आम्हीच आणलं. तेव्हापासून नेताना प्रत्येकाचा फोटो काढतो आणि सोडण्याच्या जागेचीही लेखी नोंद घेतो. तुम्हीही घ्या.

राहिलेल्या दोघींपैकी एक हाती लागेना. तिला त्या हिवाळ्यात सात पिल्लं झाली. नऊ जणांचं केलेलं काम एकीमुळे जवळजवळ वाया गेलं असतं. शेवटी रोज खायला घालणाऱ्या आजींनीच तिला मांडीवर घेऊन गाडीत बसवलं. दोन वर्षं झाली, नवीन पिल्लू नाही. रात्रीचं भुंकणं आणि दुचाकीमागे धावणं पुष्कळ कमी झालंय, कारण माद्यांवरून होणारी भांडणंच संपली.

---

सासष्टी | ११ नोव्हेंबर, रात्री ९.३०

गोंयचें सांगतां. नुसत्या नसबंदीने रेबीज जात नाही, लस हवीच. आमच्याकडे सरकार आणि स्वयंसेवी संस्थेने मिळून वर्षानुवर्षं दारोदार, किनाऱ्यावर, बाजारात जाळी घेऊन कुत्र्यांना लस टोचली. धरलेलं ध्येय ७० टक्के कुत्र्यांचं. २०२१ मध्ये गोवा रेबीज नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं. नसबंदीचा त्यात वाटा असा, की दर वर्षी लस नसलेल्या पिल्लांची नवी फौज जन्मली तर ते ७० टक्के टिकत नाहीत. त्यामुळे दोन्ही एकदम करा.

---

निवांत | १२ नोव्हेंबर, रात्री १०.०५

डॉक्टरसाहेब, तुम्ही सांगितल्याप्रमाणे चाचपून पाहिलं. एकच लागतोय, उजवा. डावा नाही. मला वाटलं मलाच सापडत नाही, म्हणून बायकोलाही बघायला सांगितलं. चौदा महिन्यांत माझ्या हे लक्षात कसं आलं नाही? हे काळजीचं आहे का?

---

गुरांचे डॉक्टर | १३ नोव्हेंबर, सकाळी ६.४०

घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका. अंडकोष साधारण दोन महिन्यांत उतरतात, सहा महिन्यांनंतर उतरायची आशा सोडायची. राहिलेला एक तर जांघेत असतो नाहीतर पोटात. तिथल्या उष्णतेत त्याचं काम नीट होत नाही आणि पुढे त्यात ट्यूमर होण्याचा धोका नेहमीच्यापेक्षा साधारण तेरा पटींनी जास्त. कधी कधी तो पोटात पिळतो आणि मग सायलीसारखीच धावपळ. सोनोग्राफी करून जागा बघून घ्या आणि दोन्ही काढून टाका.

हा दोष वंशात उतरतो. म्हणून क्रॉसिंग करू नका, मित्रालाही खरं कारण सांगा. एकच काढून दुसरा क्रॉसिंगसाठी ठेवायला कुणी सुचवलं तरी ऐकू नका.

---

केदार_७७ | १४ नोव्हेंबर, दुपारी ३.३०

आमच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरने सांगितलं, हीट थांबवायचं इंजेक्शन मिळतं, ऑपरेशनची गरज नाही. कुणी दिलंय का?

---

गुरांचे डॉक्टर | १४ नोव्हेंबर, संध्याकाळी ६.१५

नको. ते इंजेक्शन म्हणजे बाहेरून दिलेलं प्रोजेस्टेरॉनच. वर ज्याच्यामुळे पायोमेट्रा होतो म्हणून लिहिलं, तेच आपण हाताने टोचायचं. कुत्री-मांजरी दोघींत त्याने गर्भाशयाचे आणि स्तनांचे आजार वाढतात. पिल्लं राहू नयेत म्हणून संगानंतर देतात त्या इस्ट्रोजेनच्या इंजेक्शनचंही तेच.

स्तनाच्या गाठींबद्दल राहून गेलं होतं. १९६९ च्या एका अमेरिकी अभ्यासातले आकडे सगळीकडे सांगतात: न केलेल्या मादीचा धोका १०० धरला तर पहिल्या माजाआधी केलेल्या मादीचा जेमतेम ०.५, पहिल्यानंतर केलेल्या मादीचा ८, दुसऱ्यानंतर केलेल्या मादीचा २६. पुढे २०१२ साली सगळे अभ्यास तपासणाऱ्यांनी हा पुरावा कच्चा आहे असं म्हटलं, म्हणून मी त्या आकड्यांवर पैज लावणार नाही. पण दवाखान्यात स्तनाच्या गाठी घेऊन येणाऱ्या माद्या जवळजवळ सगळ्या ऑपरेशन न झालेल्या किंवा फार उशिरा झालेल्या असत, हे माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. कुत्रीत निम्म्या गाठी कॅन्सरच्या निघतात, मांजरीत तर दहातल्या आठ-नऊ. तेव्हा महिन्यातून एकदा पोटावर, आचळांच्या ओळीवरून बोटं फिरवत जा. तिला लाड वाटतील आणि तुमची तपासणी होईल.

---

अबोली | १७ नोव्हेंबर, रात्री ९.००

सायलीचा रिपोर्ट आला. साधी गाठ आहे, कॅन्सर नाही. फोन ठेवला आणि तिच्या शेजारी जमिनीवर बसून रडले. ती आपली माझ्या पदराला लागलेली पोळीची कणीक चाटत होती.

टाके काल निघाले. वाटाण्याएवढी ती गाठ मला आधी का सापडली नाही, हे मनातून जात नाही. रोज पोटावर हात फिरवायचे मी. पण काय शोधायचं तेच माहीत नव्हतं. डॉक्टर, तुम्ही लिहिलेलं छापून फ्रिजवर लावलंय. सासूबाईंनी ते वाचलं आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंना त्यांच्या पॉमची तारीख घ्यायला लावली, येत्या शनिवारची.

---

निवांत | २९ नोव्हेंबर, रात्री ८.२०

सुलतानचं ऑपरेशन काल झालं. डावा पोटात होता, मूत्राशयाजवळ. उजव्यापेक्षा निम्म्याहून लहान, मऊ पडलेला. ट्यूमर नाही. मित्राला फोन करून सगळं सांगितलं, क्रॉसिंग रद्द केलं. तो आधी नाराज झाला, मग त्याने त्याच्याकडचे दोन नर तपासले आणि मला परत फोन केला.

आता अडचण ही आहे: गळ्यातल्या प्लास्टिकच्या कोनामुळे सुलतान पाणीच पीत नाही. वाडग्यापाशी जातो, कोनाची कड जमिनीला टेकते, मागे सरकतो. कोन काढला की लगेच टाके चाटतो. सकाळपासून जेमतेम पेलाभर पाणी गेलंय. काय करू?

---

अबोली | २९ नोव्हेंबर, रात्री ८.३५

वाडगं जमिनीवर ठेवू नका. छोट्या स्टुलावर किंवा उलट्या घमेल्यावर ठेवा, त्याच्या छातीच्या उंचीला. वाडगं कोनाच्या आत मावेल एवढं अरुंद हवं. सायलीला मी स्टीलचा डबाच लावला होता. तरी नाही प्यायला तर तुम्ही शेजारी बसा, कोन काढा, एका हाताने मान धरा, पाणी पिऊन झालं की लगेच परत घाला. जेवणही पातळ करून द्या, म्हणजे तेवढं पाणी पोटात जाईल. आणि चाटला तर रागावू नका, खाजतं त्यांना.

पुण्यात असाल तर आमच्याकडे कापडी मऊ कोन आहे, सायलीचा, धुऊन ठेवलेला. तो कडेला दुमडतो, पाणी पिता येतं. लॅबच्या मानेचा आहे, सुलतानला बसेल असं वाटतं. व्यक्तिगत निरोप करा, सकाळी सातनंतर कधीही येऊन घेऊन जा.